पाठीवरचा नऊ

फायनलच्या जर्सींच्या कामात सिद्धलिंगनं बायकोच्या, शिवलीलाच्या थोबाडीत पहिली मारली ती रोमन चारच्या आकड्यावरून. घरातल्या जुन्या घड्याळात चार म्हणजे चार उभ्या काड्या होत्या, आणि शिवलीलाच्या कॉम्प्युटरवर आली एक काडी आणि पुढं व्ही. "घड्याळ काय येडं हाय व्हय? माझ्या आज्यानं घेटल्यालं हाय ते," असं म्हणत त्यानं हात उचलला. मारून झाल्यावर मोबाइलवर बघितलं, तर बायको बरोबर निघाली. त्या रागानं आणखी एक मारली. नवऱ्याची चूक दाखवणाऱ्या बाईला त्या घरात दोनदा मार बसायचा, एकदा ती खोटी म्हणून आणि एकदा ती खरी म्हणून.

रोमन आकड्यांची हौस त्याचीच. लक्ष्मीपुरीच्या एका बोळात त्याचं रेडियम, स्टिकर आणि जर्सी छपाईचं दुकान. दुकानाच्या बोर्डावर त्याचाच फुटबॉल घेतलेला, दहा वर्षांपूर्वीचा फोटो, आणि आत काम करायला बायको. यंदा त्याची साकवाची तालीम फुटबॉलच्या फायनलला गेली, समोर नागझरी तालीम, आणि यानं तालमीत जाहीर करून टाकलं, की पाठीवर साधे आकडे नकोत, राजेशाही पायजेत. "आन् पंच?" असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, "पंचाला मी बघून घेतो." पोरांनाही आवडलं. वाचता एकालाही येत नव्हतं, पण दिसायला भारी होतं, आणि कोल्हापुरात दिसायला भारी असलं की पुढचं कुणी विचारत नाही.

शिवलीला मात्र ते काम मन लावून करायची. कॉम्प्युटरवर एका चौकोनात साधा आकडा टाकायचा, शेजारच्या चौकोनात सूत्र लिहायचं, की रोमन आकडा आपसूक तयार. तो उचलून डिझाइनच्या पानावर ठेवायचा, जाड अक्षर निवडायचं, मग उलटा करायचा आणि कटिंग मशिनला सोडायचा. उलटा करायचा हे महत्त्वाचं. आकडा कापतात तो रबरी कागद जर्सीवर पालथा घालून तापलेल्या प्रेसखाली दाबतात. आरशात दिसावा तसा उलटा कापला तरच कापडावर तो सुलटा उमटतो. नवी माणसं हे हमखास विसरतात आणि अख्खी जर्सी वाया घालवतात. शिवलीला नवी होती तेव्हा तीही विसरली होती, आणि त्याचा मार तिला अजून आठवत होता.

तालमीचा नऊ नंबर होता महांतेश, शिवलीलाचा धाकटा भाऊ. निपाणीकडच्या त्यांच्या गावातून त्याला कोल्हापुरात आणलं सिद्धलिंगनंच. पोरगं पायात चेंडू घेऊन असं पळायचं, की गेल्या मोसमात त्यानं नागझरी तालमीवर एकट्यानं तीन गोल घातले आणि त्यांचं नाक कापलं. तेव्हापासून रेल्वेवाल्यांचाही त्याच्यावर डोळा होता. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी, चाचणी अगदी तोंडावर आलेली. बाप नाही, आई गुडघ्यांनी अधू. त्या घराचं पुढचं सगळं आयुष्य महांतेशच्या दोन पायांवर उभं होतं, हे शिवलीला जाणून होती आणि देवापुढं हात जोडले की तिच्या तोंडून पहिलं तेच निघायचं.

सिद्धलिंग स्वतः खेळायचा अकरा नंबरला. एकेकाळी मैदानात त्याच्या नावाचा गजर व्हायचा. आता पोरं ओरडायची ते महांतेशच्या नावानं, आणि सिद्धलिंगनं पास दिला तरच त्याच्याकडं कुणाचं लक्ष जायचं. मेव्हण्याला मिठी मारताना त्याचे दात दिसायचे, पण डोळे हसायचे नाहीत.

फायनलच्या आदल्या दिवशी खेळाडूंना तालमीत कोंडून ठेवायचं, असा साकवाच्या तालमीचा रिवाज. मोबाइल काढून कपाटात. डबे दारापर्यंत. बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही. एकट्या सिद्धलिंगला जर्सी आणायच्या म्हणून सूट होती.

त्या दुपारी शिवलीला जर्सी दाबत बसली होती, तेव्हा एक पोरगा आला. केसांना तेल, कानात बाळी. दाराला नमुन्याची जर्सी टांगली होती, तिच्याकडं बोट करून म्हणाला, "वैनी, नऊ आकडा असल्याच अक्षरात कागदावर छापून द्या की."

"कशाला पायजे, पावणं?"

"महांतेशचा लई मोठा फॅन हाय एक. गाडीवर लावायचाय."

भावाचं कौतुक ऐकून बहिणीचं ऊर भरून येणारच. तिनं नऊ टाकला, शेजारी काडी आणि फुली उमटली. पोरगा वाकून बघत राहिला. "हे नऊ?"

"व्हय. दहाच्या आदी एक. फुली म्हंजे धा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव सांगितलं त्यानं, "आदर्श बोलतोय, गडमुडशिंगीचा," आणि मग तो कन्नडमध्ये बोलू लागला. आजोळ सीमेपलीकडचं असावं. आवाज खाली करायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही. कोल्हापूरच्या बोळात बसलेल्या बाईला काय कळतंय, असं त्याला वाटलं. शिवलीलाचं सगळं लहानपण कन्नडमध्ये गेलं होतं. तिला शब्द न् शब्द कळला.

"चित्र पाठवतोय. ओंबत्तु. वाचायचं काही नाही, नुसता आकार ध्यानात ठेवा," तो सांगत होता. "उद्या सकाळी तालीम मारुतीपासून मैदानाकडं चालत निघंल. ज्याच्या पाठीवर हे असंल त्याचे मोणकाल. दोन्ही. बाकी कुणाला हात लावायचा नाही."

ओंबत्तु म्हणजे नऊ. आणि मोणकाल म्हणजे गुडघे. लग्न होऊन येईपर्यंत शिवलीला रोज आईच्या मोणकालांना तेल चोळत होती.

आदर्शनं कागद घेतला, दुकानाच्या पायरीवरच त्याचा फोटो काढून पाठवला आणि गाडीला किक मारली. गाडीच्या पाठीमागं नागझरी तालमीचा वाघ चिकटवलेला होता. भावाच्या पायांवर चालून येणाऱ्यांना खूण शिवलीलानं स्वतःच्या हातानं छापून दिली होती.

सिद्धलिंग जर्सी न्यायला आला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. मारकुटा असला तरी नवरा आहे, तालमीचा माणूस आहे, हा धावून जाईल असं तिला वाटलं. माणसाला वाटतं तेवढ्यावर जग चाललं असतं तर आणखी काय हवं होतं.

तो हसायला लागला.

"आपणहून पायावर धोंडा मारून घेटला की नागझरीनं," तो म्हणाला. "सामन्याआदी आमचा माणूस पाडला म्हटल्यावर त्यांचा संघ बाद. कप आमचा. न खेळता."

"आन् महांतेश?"

"हाडं जुळत्यात."

"त्याची रेल्वेची चाचणी हाय. तुमास्नी ठावं हाय ते."

"मंग? सोडून चाललाच हुता की. त्याला मोठा केला कुणी, म्या. त्याच्यापाई पेठेत माझं नाव घ्यायचं इसरली समदी." आता तो हसत नव्हता. "कुणाला सांगायचं न्हाय. त्यालाबी न्हाय, आण्णालाबी न्हाय."

आण्णा म्हणजे तालमीचे वस्ताद. शिवलीलानं मोबाइल उचलला तो त्यांनाच लावायला. बोट नंबरावर टेकायच्या आत सिद्धलिंगनं तो हिसकावला, तिचं डावं मनगट पिरगाळलं आणि तिला ओढत प्रेसकडं नेलं. प्रेस तापून तयार होती. त्यानं तिची चार बोटं खालून त्या तापल्या पाट्याला टेकवली आणि धरून ठेवली. बाहेर ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं. कातडी चरचरली. तिचे पाय फरशीवर घासत राहिले, स्टूल कलंडलं. तो मात्र शांत होता, जर्सीवरचा आकडा नीट बसतोय का बघावा तितका शांत.

"बोलशील कुणाला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्यानं हात सोडला.

"नऊ आन् अकरा राहिल्यात. उरक," म्हणाला, तिचा मोबाइल खिशात घातला आणि दारातच गाडीवर बसून मावा चोळायला लागला.

शिवलीलानं बोटं पाण्याच्या बाटलीत बुडवली. चारही बोटांची टोकं पांढरी पडली होती. तिला रडू आलं नाही. आजवर मार खाऊन ती रडली होती, कारण मारणारा आपला माणूस आहे असं मनात कुठंतरी असायचं. ते आज गेलं. उजव्या हातानं तिनं माऊस धरला.

पडद्यावर दोन आकडे होते. काडी आणि फुली, महांतेशचा नऊ. फुली आणि काडी, सिद्धलिंगचा अकरा. ती त्या दोघांकडं बघत बसली आणि हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की दोन्ही अक्षरं दोन्हीकडून सारखीच. उलटा न करता कापला तर नऊचा अकरा होईल आणि अकराचा नऊ. पडद्यावर काहीच चुकलेलं दिसणार नाही. कुणी विचारलंच तर सांगायला कारणही तयार, उलटं करायचं राहून गेलं, नव्या माणसासारखी चूक झाली.

मशिननं दोन्ही आकडे जसेच्या तसे कापले. भावाची जर्सी तिनं प्रेसखाली घातली तेव्हा तिला भीती वाटली. नवऱ्याची घातली तेव्हा वाटली नाही. प्रेसचा दांडा तिनं अंगाचा भार टाकून दाबला आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरला. मग दोन्ही जर्सी घड्या घालून, नावं टाकलेल्या पिशव्यांत भरल्या. सिद्धलिंगनं गठ्ठा उचलला, वरची एक पिशवी उघडून आत नजर टाकली आणि खूश झाला.

"राजेशाही," तो म्हणाला.

तो तालमीत गेल्यावर शिवलीलाला मोकळीक होती. ती पोलीस चौकीत जाऊ शकली असती. तालमीच्या दारात उभी राहून बोंब मारू शकली असती. रिवाज गेला खड्ड्यात म्हणून उंबरा ओलांडू शकली असती. ती घरी गेली, बोटांना तूप लावलं आणि भाकरी थापायला बसली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुपारपर्यंत तिला फक्त भाऊ वाचवायचा होता. संध्याकाळी तेवढ्यावर तिचं समाधान होणार नव्हतं.

सकाळी साकवाची तालीम मारुतीपुढं नारळ फोडून निघाली. पुढं हलगी, मागं पोरं, मधे नव्या जर्सीतला संघ. वाटेवर घराघरातल्या बायका ओवाळायला उभ्या होत्या. शिवलीला ताट घेऊन सासूशेजारी उभी होती. सासू निर्मलाबाई, काठाचं लुगडं नेसून, लेकाला बघायला टाचा उंचावत होत्या. "बोटांना काय झालं ग?" त्यांनी विचारलं. "भाजलं, आत्ती," शिवलीला म्हणाली. त्या घरात कुणाला काय कसं भाजतं, हे निर्मलाबाईंना स्वतःच्या सासऱ्याच्या काळापासून ठाऊक होतं.

महांतेश सगळ्यांच्या पुढं होता, हातात तालमीचा भगवा. बहिणीला बघून त्यानं भुवया उडवल्या. सिद्धलिंग सगळ्यांच्या मागं. त्यानं मुद्दाम अंतर ठेवलं होतं. मेव्हण्याच्या अंगावर येणारे गज आपल्या अंगाला घासू नयेत, एवढी काळजी त्यानं घेतली होती.

तीन रस्त्यांच्या तिकटीवरच्या बोळातून दोन मोटरसायकली बाहेर आल्या. हेल्मेट घातलेले चौघे, मागच्या दोघांच्या मांडीखाली लोखंडी नळ्या. एकानं मोबाइल वर धरला, त्यावरच्या चित्राकडं आणि मग पाठींकडं बघत ते सावकाश पुढं सरकले. हलगीच्या नादात त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. गाड्या महांतेशपर्यंत पोचल्या. त्याच्या पाठीशी क्षणभर थांबल्या. मोबाइलवाल्यानं हा नव्हे अशी मान हलवली, आणि गाड्या वळून मागं फिरल्या.

सिद्धलिंगला त्या येताना दिसल्या. त्याला वाटलं, ह्यांना माणूस सापडेना म्हणून घिरट्या घालतायत. त्यांना वाट मोकळी करून द्यायला तो एका बाजूला झाला. आणि पुढं जे होणार ते आपल्याला बघायला नको, उद्या कुणी साक्षीला बोलवायला नको, म्हणून त्यानं शहाण्यासारखी पाठ फिरवली.

नळीचा पहिला तडाखा उजव्या गुडघ्यावर मागून बसला. ऊस मोडावा तसा आवाज आला. तो कोसळला, तसा दुसऱ्यानं त्याला पायानं उताणा केला आणि पुढून डाव्या गुडघ्याच्या वाटीवर घातला. एकदा, दोनदा, पुन्हा. पँटमधून रक्त वर आलं. सिद्धलिंगनं दोन्ही हात गुडघ्यांवर धरले, तर बोटांवर बसला. वाटी फुटली तेव्हा त्याच्या तोंडून माणसाचा आवाज येईनासा झाला. मग कुठून त्राण आणलं कुणास ठाऊक, हात लांब करून तो किंचाळला, "म्या न्हवं. नऊ नंबर त्यो हाय, म्होरं. त्यो झेंडेवाला. त्याला मारा की."

शिवलीला आणि निर्मलाबाई चार हातांवर होत्या. दोघींनी ऐकलं. म्होरं हलगी वाजतच होती.

ताट हातून कधी पडलं ते शिवलीलाला कळलं नाही. निर्मलाबाई लेकाच्या अंगावर जाऊन पडल्या तेव्हा कुठं पोरांना भान आलं. दगड सुटले. एक मोटरसायकल आडवी झाली, तिच्यावरच्या एकाला पोरांनी लाथांनी इतकं तुडवलं की त्याचं हेल्मेट तडकून आत रक्त साचलं. दुसरी गाडी तिघांना घेऊन पळाली. आणि म्होरून झेंडा टाकून धावत आला महांतेश. त्यानं सिद्धलिंगचं डोकं मांडीवर घेतलं, जर्सी काढून त्याच्या गुडघ्याला बांधली. "दाजी, डोळे उघडा. दाजी, मी हाय," म्हणत तो लहान पोरासारखा रडत होता.

सामना झालाच नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचला आहे, डावा पाय ठेवता येईलसं वाटत नाही. हे पेठेत पोचलं आणि तालमीच्या दारात गाड्या जमल्या. कुणी गज घेतला, कुणी उसाचा कोयता. आण्णा आडवे झाले, तर त्यांना धक्का मारून पाडलं.

शिवलीला कपडे न्यायला घरी आली होती. दारात महांतेश गाडीवर बसला होता, उघड्या अंगावर शर्ट, मांडीवर कोयता. तिच्या आयुष्यातली एकमेव चांगली गोष्ट कोयता घेऊन बसली होती. ती गाडीच्या आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, अक्का."

"उतर."

"नागझरीतला एक तरी पाडल्याबिगार मी पाणी पिणार न्हाय. दाजींचा पाय गेला, अक्का. माझ्या देवमाणसाचा पाय गेला."

"तुझा जाणार हुता," शिवलीला म्हणाली. "ते तुझ्यासाठी आलते. आकडा मी बदलला. तुझा नऊ तुझ्या दाजींच्या पाठीवर मी छापला, जाणूनबुजून."

महांतेशचं तोंड रागानं वेडंवाकडं झालं. "तू? स्वतःच्या नवऱ्याला?"

"त्यांना मी आदी सांगितलं हुतं. ते म्हणाले, हाडं जुळत्यात. कप मिळतोय. कुणाला सांगायचं न्हाय म्हणून हे केलं." तिनं डावा हात पुढं धरला.

"खोटं बोलतीस. दाजी असं करणार न्हाईत." कोयत्यावरची त्याची मूठ आवळली, आणि शिवलीलाला वाटलं, हा आता आपल्यावरच उगारतो. ती हलली नाही. उगारला असता तरी ती हलली नसती.

मागं उंबऱ्यावर निर्मलाबाई येऊन उभ्या होत्या. लुगड्यावर लेकाचं रक्त वाळून काळं झालं होतं.

"खोटं न्हाय बोलत ती," त्या म्हणाल्या. "त्यानं तुझ्याकडं बोट दावलं, बाळा. त्याला मारा म्हणाला. म्या ह्या कानांनी ऐकलं." पोटच्या पोराबद्दल एवढं बोलायला त्यांना चौकट धरावी लागली.

बोळाच्या तोंडाशी गाड्या सुरू झाल्या. कुणीतरी महांतेशच्या नावानं हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग ती सगळी धाड त्याच्याशिवायच निघून गेली. थोड्या वेळानं नागझरीकडून काचा फुटल्याचा आवाज आला, मागोमाग बायकांचा आरडाओरडा.

महांतेश गाडीवरून उतरला होता. त्याचे दोन्ही पाय धड होते आणि त्याला उभं राहता येत नव्हतं. त्यानं एकदा निर्मलाबाईंकडं बघितलं, एकदा बहिणीकडं.

"मग आता मी कुणाला मारू, अक्का?" त्यानं विचारलं. तो खरंच विचारत होता.

शिवलीलानं भाजल्या बोटांनी कोयत्याचं पातं धरलं आणि ओढायला लागली. त्यानं सोडला नाही, तशी ती ओढतच राहिली.